पंप लेकीच्या कमरेला, प्रश्न मात्र सर्वांचा

गेल्या बुद्ध पौर्णिमेला नवीन जालन्यातल्या आमच्या विहारात खीरदानाचा कार्यक्रम होता. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. खिरीची वाटी हातात आल्यावर तिने कमरेला अडकवलेले डबीएवढे यंत्र काढले, अंदाज घेऊन आकडा टाकला, बटण दाबले, दहा मिनिटे थांबली आणि मग सगळ्यांसोबत खीर खाल्ली. हे सारे एक बांधव बाजूला उभा राहून पाहत होता. तो एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर काम करतो. त्याच्या मुलालाही हाच आजार आहे. दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या आवारात मला भेटला आणि म्हणाला, "वकील साहेब, पोरीला ती मशीन बसवली, आता तिची शुगर बरी झाली ना? माझ्या लेकराला भेटंल का ती?"

त्याचे दोन प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर मी तिथेच दिले: नाही, आजार बरा झालेला नाही. दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आधी आजार समजून घेऊ, कारण आपल्या वस्त्यांमध्ये त्याबद्दल मोठे अज्ञान आहे. लहान मुलांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा टाइप-१ प्रकारचा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि मागच्या जन्मीच्या कर्माशी तर त्याचा काडीचाही संबंध नाही. या मुलांना गोळ्या चालत नाहीत. इन्सुलिन बाहेरून द्यावेच लागते, रोज आणि आयुष्यभर. ते थांबले तर काही दिवसांत जीव जातो.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना एप्रिल महिन्यात सारखे पाणी पिऊ लागली, रात्री चार-चार वेळा लघवीला उठू लागली, वाळत गेली. मी शिकलेला माणूस, रोज कोर्टात पुराव्याची भाषा बोलणारा. मी म्हणालो, जालन्याचा उन्हाळा आहे, पाणी पिणारच. तीन आठवडे गेले. शेवटी ती बेशुद्ध होण्याच्या बेतात आली तेव्हा रक्त तपासले. रक्तशर्करा पाचशेच्या वर होती. ती वाचली, पण ते तीन आठवडे माझ्या अज्ञानाचे होते हे मी लपवणार नाही. खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे आणि थकवा अशी चार लक्षणे लेकरात दिसली, तर त्याच दिवशी बोटाच्या रक्ताची तपासणी करा. पाच मिनिटांचे काम आहे. अंगारे-धुपारे करणारा बाप आणि "ऊन आहे" म्हणणारा बाप, दोघांच्याही लेकराला धोका सारखाच असतो.

इन्सुलिनचा शोध कॅनडातल्या टोरंटोमध्ये १९२१ साली लागला. ११ जानेवारी १९२२ रोजी तिथल्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या एका मुलाला माणसावरचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याआधी हा आजार म्हणजे लेकराची मृत्यूची शिक्षाच होती. शोधकर्त्यांनी १९२३ साली आपले पेटंट टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. हे औषध कोणाच्या एकट्याच्या नफ्याचे होऊ नये, ही त्यामागची भूमिका होती. आज शंभर वर्षांनंतर त्याच इन्सुलिनवर आणि ते देणाऱ्या यंत्रांवर मोठमोठ्या कंपन्यांचा व्यापार उभा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

आणि आपण हेही विसरू नये की, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेही होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस, राज्यघटनेच्या मसुद्याच्या कामाच्या त्या काळात, त्यांना झोप लागत नव्हती, पायांत तीव्र वेदना होत होत्या आणि ते इन्सुलिन घेत होते. उपचारासाठी ते मुंबईला आले असताना डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. देशाला संविधान देणारा महामानव हा आजार अंगावर घेऊन काम करत होता. मग आपल्या मुलीच्या पोटावरची सुई आपण का लपवावी? ज्यांना हा आजार लाजेचा वाटतो त्यांनी याचा विचार करावा.

आता पंपाविषयी. पंप म्हणजे काय, हे न कळताच लोक त्याला चमत्कार समजतात किंवा श्रीमंतांचा शौक म्हणतात. दोन्ही चूक आहे.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन सोडत असते आणि जेवणाच्या वेळी जास्त सोडते. पंप हीच नक्कल करतो. यंत्रात इन्सुलिनची छोटी टाकी असते, तिच्यापासून बारीक नळी निघते आणि नळीच्या टोकाची मऊ सुई पोटाच्या कातडीखाली बसते. दिवसभराच्या थेंबांना बेसल म्हणतात, जेवणाच्या वेळच्या मात्रेला बोलस. १९६३ साली अमेरिकेत असे पहिले यंत्र बनले तेव्हा ते पाठीवरच्या दप्तराएवढे होते. १९७८ साली लंडनच्या डॉक्टरांनी छोट्या पंपाने रक्तशर्करा ताब्यात ठेवता येते हे दाखवले. पूर्वी माझ्या मुलीला दिवसाला चार, म्हणजे वर्षाला १४६० सुया टोचाव्या लागत. आता दर तीन दिवसांनी सुईची जागा बदलते, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या आत. लेकराच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

पण पंप स्वतः विचार करत नाही. किती खाल्ले हे त्याला सांगावे लागते. नव्या पंपांना सेन्सर जोडलेला असतो. ते रक्तशर्करेचा अंदाज घेऊन थेंब कमी-जास्त करतात, तरी जेवणाचा आकडा माणसानेच टाकायचा असतो. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. रक्तशर्करा काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्या गटात पंपवाले होते आणि दिवसाला तीन-चार इंजेक्शने घेणारेही होते. म्हणजे डोळे आणि किडनी वाचवते ते काटेकोर नियंत्रण. पंप त्यासाठी एक चांगले साधन आहे, एकमेव साधन नव्हे.

म्हणूनच आम्ही निर्णय घ्यायला दोन वर्षे लावली. त्या दोन वर्षांत मुलगी बोट टोचून दिवसातून पाच-सहा वेळा तपासायला शिकली, वहीत नोंदी ठेवायला शिकली, कर्बोदके मोजायला शिकली. आमच्या घरी आजही वजनकाटा आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदके असतात. कंपनीच्या पुस्तकात पावाच्या तुकड्याचा हिशेब होता, आमच्या भाकरीचा नव्हता. माझ्या पत्नीने पिठाचा गोळा तोलून तो हिशेब बसवला. हे शिक्षण झाल्याशिवाय पंप घेणे म्हणजे गाडी चालवता येत नसताना विकत घेणे आहे.

घेताना आम्ही पाच प्रश्न विचारले. दुसऱ्या पालकांना उपयोगी पडतील म्हणून लिहितो. यंत्र बंद पडले तर बदली यंत्र जालन्यात किती दिवसांत पोहोचेल? हमी किती वर्षांची? दरमहा लागणाऱ्या नळ्या, टाक्या आणि सेन्सर यांचा खर्च किती, आणि तो लेखी द्याल का? विकत घेण्याआधी काही दिवस वापरून पाहता येईल का? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मुलीला: तुला हे चोवीस तास अंगावर हवे आहे का? ती "हो" म्हणाली तेव्हाच आम्ही पुढे गेलो. बापाच्या हौसेने बसवलेला पंप लेकरू कपाटात टाकून देते.

आम्हाला सांगण्यात आलेले आकडे असे होते: साधा पंप दोन-अडीच लाख, सेन्सरच्या आधाराने स्वतः मात्रा बदलणारा पाच-सहा लाखांच्या पुढे. दरमहाचे सामान दहा हजारांच्या आसपास, सेन्सर कायम लावला तर जवळपास दुप्पट. विक्रीला आलेला माणूस यंत्राची किंमत तोंडपाठ सांगत होता, महिन्याचा खर्च मात्र तीनदा विचारल्यावर सांगितला. आम्ही साधा पंप घेतला आणि सेन्सर दर महिन्याआड पंधरा दिवस लावतो. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिच्या पतसंस्थेचे कर्ज काढले. हे कर्ज आम्हाला मिळाले कारण घरात पगार आहे, आणि तो पगार बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कांमुळे आहे. हे मी जाणीवपूर्वक लिहितो.

पंपाबरोबर जगणे हेही एक प्रशिक्षणच आहे. पंपात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन असते. शरीरात दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. त्यामुळे नळी मुरडली किंवा सुई वाकली तर काही तासांत रक्तात विषारी आम्ल साठू लागते. तिसऱ्या महिन्यात एका रात्री हेच घडले. पहाटे मुलीला उलटी झाली, रक्तशर्करा चारशेच्या वर, किटोन वाढलेले. डॉक्टरांनी आधीच शिकवले होते: अशा वेळी पंपावर विसंबायचे नाही, पेनने इन्सुलिन द्यायचे, सुईची जागा बदलायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. तसे केले म्हणून निभावले. तेव्हापासून पेन, सुया आणि किटोनच्या पट्ट्या घरात कायम असतात. ज्याच्याकडे हा दुसरा आधार नाही त्याने पंप लावू नये.

दुसरी गोष्ट बाटलीची. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींच्या मिळतात. सिरिंजही वेगळ्या असतात: लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते. आमच्या पंपात १०० युनिटचेच इन्सुलिन भरायचे असते. मेडिकलवाल्याने जे हातात दिले ते न वाचता भरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

तिसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात जालन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो, वीज जाते, फ्रीज बंद पडतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, बर्फात नाही. वीज नसताना आम्ही ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डबीत ठेवतो. पंपातले इन्सुलिनही उन्हात खराब होते, म्हणून १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुलगी यंत्र ओढणीखाली सावलीत ठेवते, खिशात साखर ठेवते आणि दर तासाला तपासते. शर्करा ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटे थांबणे आणि पुन्हा तपासणे. ती मिरवणुकीत नाचते. आजाराने तिचे नाचणे हिरावलेले नाही.

समाजाने मात्र थोडेफार हिरावले. शाळेत एका शिक्षकांनी पंपाला मोबाइल समजून तो जमा करायला सांगितला. नातेवाईक म्हणाले, "मुलीची जात आहे, लग्नाचं पाहावं लागेल, झाकून ठेवा." शाळेत मी २०२३ सालचे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचे पत्र घेऊन गेलो. टाइप-१ मधुमेही मुलांना वर्गात रक्तशर्करा तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची मुभा द्यावी, असे आयोगाने सर्व राज्यांना कळवले आहे. शाळेने ऐकले, आणि मुलीने वर्गासमोर उभे राहून पंप दाखवला. नातेवाइकांना मी एवढेच म्हणालो की जे झाकले जाते त्यावर उपचार होत नाहीत. विहारात तिने सर्वांसमोर बटण दाबले ते यासाठीच.

आता त्या मिल कामगाराच्या प्रश्नाकडे येतो. त्याच्या मुलाकडे पंप नाही, हे खरे. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्याच्याकडे पुरेशा स्ट्रिपही नाहीत. आठवड्यातून दोनदा तपासणी होते, बाकीचे दिवस अंदाजाने इन्सुलिन दिले जाते. चिमणीखाली राबणाऱ्या बापाचे लेकरू अंदाजावर जगते आणि वकिलाची लेक आकड्यावर जगते. दोघे एकाच विहारात खीर खातात. ही विषमता कोणत्या धर्मग्रंथाने लिहिलेली नाही, ती अंदाजपत्रकाने लिहिलेली आहे.

संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवते. कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, पैशांची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. १७ एप्रिल २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मोहम्मद अहमद खटल्यात एका रिक्षाचालकाच्या आजारी मुलाला महागडे औषध मोफत देण्याचा आदेश दिला. तो आजार दुर्मिळ होता, आपला दुर्मिळ नाही. पण तत्त्व तेच आहे: उपचार अस्तित्वात असताना केवळ बापाच्या खिशामुळे लेकराने मरू नये.

वस्तुस्थिती काय आहे? आपल्या राज्यातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत नेण्यात आली. ती स्वागतार्ह आहे. पण अशा योजनांची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती उभी आहे. लेकरू बेशुद्ध पडून खाटेवर गेले की योजना जागी होते, ते बेशुद्ध पडू नये म्हणून घरी रोज लागणाऱ्या स्ट्रिपसाठी मात्र बापाने खिसा चाचपायचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, टाइप-१ मधुमेह नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लुकोमीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच दिलासा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. केरळ सरकारने २०१८ मध्ये 'मिठाई' नावाची योजना सुरू केली. तिच्यात टाइप-१ मुलांना इन्सुलिन, पेन, सेन्सर आणि गरजेनुसार पंपही सरकारकडून मिळतो. आपल्या शेजारी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' संस्था अशा मुलांसाठी काम करते. मी त्या बांधवाला तिथला पत्ता दिला. पण साठ किलोमीटरवरची एक संस्था हे राज्याच्या कर्तव्याला उत्तर नव्हे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे टाइप-१ मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग, मोफत इन्सुलिन, दरमहा ठराविक स्ट्रिप आणि शिकवणारी एक परिचारिका, एवढी आपली पहिली मागणी असली पाहिजे. जी मुले हे शिक्षण पूर्ण करतील आणि तरीही ज्यांची रक्तशर्करा ताब्यात येत नाही किंवा वारंवार धोकादायक रीतीने खाली जाते, त्यांना डॉक्टरांच्या शिफारशीने सरकारी खर्चाने पंप, ही दुसरी. क्रम हाच असावा. आधी पंपाचे फोटो आणि मग स्ट्रिपचा तुटवडा, असे होऊ नये.

आपल्यालाही काही करता येईल. 'पे बॅक टू सोसायटी' हे शब्द आपण भाषणात खूप वापरतो. जयंती समितीने डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून वस्तीतल्या एका लेकराच्या कित्येक महिन्यांच्या स्ट्रिप घ्याव्यात. विहारात महिन्यातून एकदा तपासणी ठेवावी. शिक्षक आणि परिचारिका असलेल्या भगिनींनी पालकांना भाकरी तोलायला शिकवावे. दान म्हणून नव्हे, तर सरकार जागे होईपर्यंत लेकरू जगले पाहिजे म्हणून.

त्या बांधवाच्या मुलाच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा अर्ज मी तयार केला आहे. ज्या पालकांच्या घरी असा आजार आहे त्यांनी आपली नावे त्यात जोडावीत. एका बापाचा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो, पन्नास बापांचा अर्ज वाचावा लागतो. उत्तर आले नाही तर पुढचा मार्ग उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आहे, आणि त्या कामाची फी मी घेणार नाही.

"माझ्या लेकराला भेटंल का?" या प्रश्नाला आज मी "हो" म्हणू शकत नाही. पण आता तो प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही, एवढे मी त्याला सांगितले आहे.